अठ्ठावीस इंचांवरचा डाग

आई, आम्ही सनीव्हेलचं घर विकून बोटीवर राहायला जातो आहोत. हे ऐकून तू पहिला प्रश्न विचारशील, "हे खूळ कोणाचं?" खूळ तुझ्या जावयांचं. वीस वर्षं ऑफिसात बसून कॉम्प्युटरच्या नखाएवढ्या चिप्सकडे पाहिल्यावर त्यांना आता पाणी पाहायचं आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाले त्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून मी घरात नुसती बसून असते असा त्यांचा समज आहे, म्हणून मलाही पाणी दाखवायला नेणार आहेत. बोट इथून दोन तासांच्या ड्राइव्हवर, सॅक्रामेंटो नदीच्या एका शांत फाट्यावर बांधलेली असते. पावणेसात फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट लांब. माझी शाळेतली कंपासपेटी पाण्यात सोडली तर कशी दिसेल, तशी. कुणा इंग्रज माणसाला म्हणे आपल्या देशातल्या कालव्यांची आठवण यायची, म्हणून त्याने ती हौसेने बांधून घेतली. तो वारला, आणि त्याची बायको बोट विकत होती. आम्ही पाहायला गेलो तर तिने आमच्यासाठी केक केला होता. पाहायला आलेल्या माणसाला जी बाई केक करून घालते तिच्या बोटीला भोक असणार, हे माझं मत मी तिथल्या तिथे मराठीत सांगून टाकलं. तुझे जावई केक खात राहिले. मी चमच्याच्या दांड्याने जमिनीच्या फळ्या उचकटून पाहिल्या, कोपऱ्यांत नाक घालून वास घेतला, भिंती ठोकल्या. भोक सापडलं नाही. त्यामुळे माझा संशय गेला असं समजू नकोस. नीट लपवलंय, एवढाच मी अर्थ घेतला.

स्वयंपाकाची जागा ठरली, झोपायची ठरली, संडासाबद्दल मी इथे लिहीत नाही. घोडं अडलं ते बसण्यावर. पावणेसात फुटांतून दोन्ही भिंतींची जाडी वजा कर, मधून एका माणसाला जाण्यापुरती वाट सोड, मग उरतं काय? तुझ्या जावयांनी आलेखाच्या कागदावर एकामागून एक बारा आराखडे काढले. एकात भिंतीला लागून लांबच लांब बाक, त्याच्या पोटात पेटी. मी म्हटलं, "अहो, हे तर दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं. उभा जन्म मी तसल्या बाकांवरच्या लोकांचं रक्त काढलंय, आता मी बसू?" दुसऱ्यात रात्री पलंग होणारा बाक. जी वस्तू दोन कामं करते ती दोन्ही वाईट करते, शिवाय तो पलंग कोणासाठी, हाही प्रश्न होताच. एडिसनहून मुलाचा फोन आला. "मॉम, जस्ट बाय टू रिक्लायनर्स अँड बी डन विथ इट." मी म्हटलं, "बाळा, रिक्लायनर उघडला तर माझे पाय खिडकीतून बाहेर जातील, बदकांच्या तोंडापुढे." तो हसला आणि म्हणाला, "देन गेट वन." एक! म्हणजे दुसऱ्याने कुठे बसायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि तो दुसरा कोण हे मला विचारावंसं वाटलं नाही.

अशात एके सकाळी तुझे जावई गॅरेजमधून हात झटकत आले आणि म्हणाले, "अगं, तो जुना मोहरी रंगाचा सोफा आहे ना, त्याची लाकडी चौकट अजून ठणठणीत आहे. कापून त्याच्या दोन सीट करून घेऊ. बोटींच्या गाद्या शिवणारी एक बाई आहे तिकडे, बंदराजवळ." मी म्हटलं, "तो सोफा बोटीवर येणार नाही." "का?" "येणार नाही म्हणजे नाही." त्यावर ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले आणि काही न बोलता पुन्हा गॅरेजमध्ये गेले. आई, हे त्यांचं गप्प राहणं मी सतरा वर्षं ओळखून आहे. तू आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलीस आणि दहा आठवड्यांत परत गेलीस. "घर बंद आहे, तुळस सुकत असेल," म्हणालीस. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकू होत्या, हे मला माहीत होतं आणि तुलाही. पुढच्या वर्षी तू कायमचीच गेलीस. त्या दहाव्या आठवड्यात कोणीतरी तुला काहीतरी बोललं, तुझ्या मनाला लागलं आणि तू निघालीस, हे मी तेव्हाच ताडलं. आणि घरात माझ्याशिवाय मोठं माणूस होतं एकच. तू तिकिटाचं काढलंस त्याच्या आदल्या दिवशी मी लॅबमधून जरा लवकर आले, तर तुम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतात. मला पाहताच दोघंही गप्प झालात. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, आणि तू पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलंस. ते "काही नाही" मी सतरा वर्षं जपून ठेवलं आहे. ह्यांच्यावर मी कधी उघड आरोप केला नाही. पण आमच्यात जेव्हा जेव्हा भांडण झालं तेव्हा माझ्या बोलण्याच्या तळाशी तेच असायचं: माझ्या आईला तुम्ही घालवलंत.

आता सोफ्याचं सांगते. अमेरिकेत आम्ही घेतलेली पहिली नवी वस्तू ती. उंच पाठीचा, रंग मोहरीसारखा, कापड खरखरीत. दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक मी महिनाभर काढलं नव्हतं. तू आलीस तेव्हा खिडकीकडच्या टोकाला तुझी जागा झाली. दुपारभर तू तिथे बसून वाती वळायचीस, वाटाणे सोलायचीस, समोरच्या रस्त्यावर कोणी पायी जाताना दिसतं का ते पाहायचीस. दिवसाकाठी एखादं माणूस दिसलं तरी तू मला संध्याकाळी सांगायचीस. शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी लॅब नाही म्हणून, मी खाली गालिच्यावर बसायची आणि तू वर बसून माझ्या डोक्यावर तेल घालायचीस. पुण्याहून बाटली तूच आणली होतीस, गळू नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळून. मी आधी नको नको म्हणायची. इतकी वर्षं मी तेल सोडलं होतं. मग तुझी बोटं कानामागे पोचली की माझी मान आपोआप सैल पडायची. तू उठून भात टाकायला जायचीस आणि मी तशीच वर, तुझ्या जागेवर बसायची, टीव्ही लावून. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा ह्यातलं काही माझ्या ध्यानात नव्हतं. ध्यानात आला तो डाग. सहाव्या का सातव्या आठवड्यात खिडकीकडच्या टोकाला, पाठीच्या वरच्या भागावर, बशीएवढा काळपट डाग.

मी तेव्हा लगेच बोलले नाही. आधी तिथे टॉवेल घातला. तू दुपारी बसायला आलीस, टॉवेल पाहिलास, हाताने सारखा केलास आणि त्याला न टेकता पुढे सरकून बसलीस. तेवढ्यावर थांबावं ना मी? नाही. जेवताना म्हटलं, "आई, इथे दर आठवड्याला सोफा धुता येत नाही गं. तेलकट डोकं टेकवत जाऊ नकोस." मुलगा नऊ वर्षांचा होता, तोसुद्धा ताटाकडे पाहायला लागला. तू म्हणालीस, "नाही टेकवत." दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर तू खिडकीखाली, दुहेरी घडी घातलेल्या चादरीवर, भिंतीला टेकून बसली होतीस. "खाली का बसलीस?" तर म्हणालीस, "मला खालीच बरं वाटतं, पाय लांब करता येतात." आणि मी ते खरं मानलं. पुढे कितीतरी वर्षं इथल्या मराठी लोकांत मी कौतुकाने सांगायची, आमच्या आईला बाई सोफा मानवायचाच नाही, ती आपली खालीच बसायची.

तुला आठवतं का, कॅम्पातल्या शाळेत आमच्या सिस्टर सोमवारी प्रार्थनेच्या रांगेतून पांढरा रुमाल घेऊन फिरायच्या. केसांना तेल आहे अशी शंका आली की त्या मुलीच्या डोक्यावरून रुमाल फिरवायचा आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरायचा. माझ्यावेळी रुमाल पिवळा झाला आणि तुला बोलावणं गेलं. सिस्टरच्या खोलीतल्या खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे पांढरे रुमाल टाचलेले होते. तू नऊवारी सावरत खुर्चीच्या अगदी काठावर बसलीस, पाठ अधांतरी. सिस्टर इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते, आणि तू प्रत्येक वाक्याला मान हलवत होतीस. आपण उठलो तेव्हा सिस्टरनी वाकून खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल पाहिला. तू टेकलीच नव्हतीस, तरी पाहिला. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. मला तुझी लाज वाटली. त्या शाळेने मला सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवलं, एवढं मी अभिमानाने सांगत आले. तो संशय कोणापासून सुरू करायचा, हे मात्र तिथे कोणी शिकवलं नाही. तू गेल्यावर मी त्या डागावर काय टाचलं असेल सांग. क्रोशाचा रुमाल. मोठा, दुहेरी विणीचा. टाचण्या मारून पक्का केला आणि पुढची सगळी वर्षं तो हलवू दिला नाही. सोफा गॅरेजमध्ये गेला तोही रुमालासकट.

तर माझा नकार बाजूला ठेवून तुझ्या जावयांनी एक भाड्याची व्हॅन आणली आणि सोफा त्या गाद्या शिवणाऱ्या बाईकडे नेला. "नुसतं दाखवू, ती नको म्हणाली तर परत आणू." माझ्यामागे काय बोलतील याचा नेम नाही म्हणून मीही गेले. बाई माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची, ओठांत टाचण्या धरून बोलणारी. तिच्या शेडमध्ये बोटींच्या सीटचे सांगाडे छतापर्यंत रचलेले. मी फोमच्या तुकड्यावर अंगठा दाबून पाहिला, किती वेळात वर येतो ते मनात मोजलं. तिने ते पाहिलं. "बरोबर करताय," ती म्हणाली. "दुकानातले लोक बसून पाहतात. दोन मिनिटं कशावरही बरं वाटतं. बोटीवर पाऊस लागला की तुम्ही तीन दिवस त्याच सीटवर असता. तिथे उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही." मला ती बाई आवडली असती, पण मी इतक्यात आवडून घेत नाही.

तिच्याकडे एक मोजायची बैठक होती. साधी फळी, मागे उभी फळी, दोन्ही खालीवर करता येतील अशा. "हनी, बूट काढून बसा. पाय पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघ्यामागे चार बोटं जागा राहिली पाहिजे." मी ताठ बसले. शाळेत बसायची तशी. ती म्हणाली, "असं नाही, घरी दमून आल्यावर बसता तसं." मी म्हटलं, "मी अशीच बसते." तुझे जावई कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "ती अशीच बसते, खरं आहे." बाई तिच्या कामाला लागली. दोऱ्याचं रीळ आण, खडू शोध, असं पाचदहा मिनिटं तिने मला तशीच सोडली. कधी माझी पाठ मागे गेली, कधी डोकं फळीला टेकलं, मला कळलं नाही. तेवढ्यात ती मागून आली आणि डोक्यामागे खडूची रेघ मारली. "ही तुमची खरी उंची. बैठकीपासून अठ्ठावीस इंच. पाठ तिथवर पाहिजे, नाहीतर मान लटकत राहील." मग ती सोफ्याकडे वळली, चौकट हलवून पाहिली, लाकूड चांगलं आहे म्हणाली. आणि मी "राहू द्या" म्हणेपर्यंत रुमालाच्या टाचण्या काढून मोकळी झाली.

डाग तसाच होता, आई. कडा थोड्या पसरलेल्या, मध्ये गडद. तिने सवयीने टेप लावला. "बघा," ती खूश होऊन म्हणाली, "अठ्ठावीस. म्हणजे ह्या सोफ्याची पाठ तुम्हाला जमत होती. ही तुमचीच जागा ना?" मी म्हटलं, "नाही. ही माझ्या आईची जागा. तो डाग तिच्या तेलाचा आहे." तिने टेप हातातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुमची आई किती उंच होती?" मी एक उत्तर दिलं. ते शेवटी सांगते. तू चार फूट सात इंच होतीस आणि त्यातही म्हातारपणाने पोक आलं होतं. त्या सोफ्यावर तू बसलीस की तुझ्या डोक्यावर वीतभर कापड मोकळं दिसायचं, हे मला त्या क्षणी असं दिसलं जसं तू समोर बसली आहेस. मी रक्ताच्या नमुन्यांवर आयुष्य काढलं. बाटलीवर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याचं रक्त, ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली असती तर मी त्याला लॅबमध्ये उभं राहू दिलं नसतं. घरात उंच माणसं दोनच होती, आणि तुझ्या जावयांच्या डोक्यावर तेव्हाच टक्कल पडलेलं होतं. तेल दर शनिवारी कोणाच्या डोक्यावर ताजं असायचं?

परत येताना व्हॅन हायवेला लागली. मग मी विचारलं, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही आईला काय म्हणालात?" ते म्हणाले, "मी नाही, त्या म्हणाल्या." "काय?" "सांगू नका म्हणाल्या होत्या." "सतरा वर्षं झाली. आता सांगा." त्यांनी आरशात पाहिलं, गाडीचा वेग कमी केला आणि सांगितलं. तू आधी त्यांच्याकडून शांपूची बाटली मागून घेतलीस. "जावईबापू, हे किती वेळा लावलं की डोकं कोरडं होतं?" असं विचारलंस. तीन दिवस लागोपाठ न्हालीस, स्वतःला तेलाचं बोटही लावलं नाहीस, सोफ्यावर तर मला तेल घालण्यापुरतीच, तीही न टेकता, बसत होतीस. तरी रविवारी सकाळी टॉवेल उचललास तर त्यावर ताजं तेल. त्या दिवशी स्वयंपाकघरात ते तू त्यांना दाखवलंस. ते म्हणाले, "मी सांगतो तिला." तर तू म्हणालीस, "नका सांगू. दिवसभर उभी असते बिचारी. आठवड्यातून एकदा तेवढं डोकं टेकते. कळलं तर टेकायची नाही. मी गेले की तेलही थांबेल आणि डागही." मी ह्यांना म्हटलं, "आणि तुम्ही मला इतकी वर्षं तुमच्यावर संशय घेऊ दिलात?" ते म्हणाले, "तू घेत होतीस हे मला कळत होतं. पण आईंना शब्द दिला होता. आणि तुला खरं कळलं असतं तर तू स्वतःला सोडलं नसतंस. माझ्यावर तुझा राग कसा, जेवणानंतर उतरतो." मी त्यावर चिडले, अर्थातच. नवऱ्याने इतकं चांगलं वागावं ह्यातही मला काहीतरी डाव दिसतो. घरी पोचेपर्यंत मी तो शोधत होते.

तू म्हणालीस तसंच झालं. तू गेल्यानंतर मी डोक्याला तेल लावलं नाही आणि कुठे मान टाकून बसलेही नाही. मान दुखते म्हणून तीन डॉक्टर झाले. तिघांवरही मी संशय घेतला.

सीट तयार झाल्या. दोन, खिडकीशी समोरासमोर, मध्ये दुमडणारं टेबल, मधली वाट शाबूत. त्याच सोफ्याचं लाकूड आहे, हरले मी. फोम नवा, कापड गडद निळं, ओल न धरणारं. माझी पाठ तीस इंच, दोन इंच मी शिल्लक ठेवून घेतली. ह्यांची बुटकी, त्यांना पाण्याकडे वळून बसायचं असतं. बाईने विचारलं, "डोक्याच्या जागी वेगळं कव्हर देऊ का, काढून धुता येईल असं?" मी नको म्हटलं. मागच्या शनिवारी मी इथल्या दुकानातून खोबरेल आणलं, झाकण उघडून वास घेतला, भेसळ असणार असं म्हटलं, आणि तरी लावलं. स्वतःचं स्वतः लावताना कानामागे हात नीट पोचत नाही. मग बोटीवर माझ्या सीटवर बसले आणि डोकं मागे टाकलं. ह्यांनी पाहिलं आणि लगेच पाण्याकडे तोंड केलं. सीटखाली एक खण आहे. हे पत्र तिथे जाईल, बोटीच्या कागदांखाली, दुसरीकडे कुठे टाकणार?

आता ते उत्तर. "तुमची आई किती उंच होती?" असं त्या बाईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझ्याएवढी." टेप तिच्या हातात होता, तुझे जावई शेजारी उभे होते, आणि सगळं लख्ख कळत असताना मी तुला एका शब्दात अकरा इंच उंच केलं आणि डाग तुझ्याकडेच राहू दिला. सीट आणायला गेले तेव्हा तिला खरं सांगायचं असं पक्कं ठरवून गेले होते. तिने विचारलं, "बसून बघा, आता आराम वाटतो ना?" मी बसले, आणि हो म्हटलं. तेवढंच म्हटलं.